नौदल असताना तटरक्षक दल कशासाठी, आणि समुद्रातून हाक दिल्यावर पुढे काय होतं?

प्रश्न दोन आहेत. देशाला नौदल आहे, किनाऱ्यावर सागरी पोलीस आहेत, तस्करी रोखायला सीमाशुल्क खातं आहे, मग भारतीय तटरक्षक दल वेगळं कशासाठी? आणि बोट अडकली, मदत मागितली, तर पुढे नेमकं काय घडतं? दोन्हींचं उत्तर शेवटी एकाच गोष्टीवर येतं : जागा. जहाज कुठे आहे यावर त्याला अडवता येईल की नाही हे ठरतं. बुडणारा माणूस कुठे आहे हे किती नेमकं कळलंय, यावर तो वाचेल की नाही हे ठरतं.

आधी इतिहास. १९६० आणि ७० च्या दशकांत आखाताकडून पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची तस्करी जोरात होती. सीमाशुल्क खात्याच्या बोटी अपुऱ्या होत्या, आणि लढाईसाठी बांधलेली युद्धनौका रोज गलबतांच्या मागे धाडणं महागही होतं आणि चुकीचंही. १९७४ मध्ये बॉम्बे हाय इथे तेल सापडलं. उघड्या समुद्रात उभ्या राहणार असलेल्या फलाटांची राखण कोण करणार, हा नवा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सीमा सुरक्षा दल उभं करणारे तेच हे रुस्तमजी. समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला : शांततेच्या काळात सागरी कायदा राबवणारं, नौदलाच्या धर्तीवर चालणारं पण नौदलाहून वेगळं दल हवं, आणि ते संरक्षण मंत्रालयाखाली असावं.

१९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने हे काम अनेक पटींनी वाढवलं. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर भारताने हक्क सांगितला. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. त्या हिशेबाने सुमारे २० लाख चौरस किलोमीटर समुद्र देशाच्या जबाबदारीत आला. कायदा कागदावर होता, पण तो पाण्यावर नेणारं कोणी नव्हतं. १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाच्या छायेखाली अंतरिम तटरक्षक दल सुरू झालं. नौदलाने दिलेल्या ‘कुठार’ आणि ‘कृपाण’ या दोन जुन्या फ्रिगेट जातीच्या युद्धनौका आणि पाच गस्ती नौका, एवढाच त्याचा संसार. पहिले महासंचालक होते व्हाइस अ‍ॅडमिरल व्ही. ए. कामथ. तटरक्षक दल कायदा ऑगस्ट १९७८ मध्ये झाला आणि १९ ऑगस्टला पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते दलाचं औपचारिक उद्घाटन झालं. ब्रीदवाक्य ‘वयम् रक्षामः’. स्थापना दिन मात्र १ फेब्रुवारीलाच पाळतात. आज दलाकडे दीडशेहून जास्त नौका आणि सत्तरहून जास्त विमानं व हेलिकॉप्टरं आहेत. मुख्यालय दिल्लीत आणि विभाग पाच : पश्चिम (मुंबई), वायव्य (गांधीनगर), पूर्व (चेन्नई), ईशान्य (कोलकाता) आणि अंदमान-निकोबार.

किनाऱ्याच्या लांबीबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण त्यावरून वाद होतात. जुन्या पुस्तकांत ७,५१६ किलोमीटर असतं, आता अधिकृत आकडा ११,०९८ किलोमीटर आहे. किनारा वाढलेला नाही. मोजणी आधीपेक्षा बारीक प्रमाणावर झाली, त्यामुळे खाड्या, वळणं, बेटांचे काठ असे पूर्वी सुटलेले तुकडे हिशेबात आले. गस्त घालणाऱ्याच्या दृष्टीने नवा आकडाच खरा, कारण संशयित बोट लपते ती अशाच वळणांत.

आता कायदा. सगळा समुद्र म्हणजे एकच सपाट पाणी असं किनाऱ्यावरून वाटतं, पण तटरक्षक नौकेच्या पुलावर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला त्यावर अदृश्य रेषा दिसत असतात. आधाररेषेपासून, म्हणजे साधारण ओहोटीच्या किनाऱ्यापासून, १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र. तिथे देशाचा कायदा जवळजवळ जमिनीवरच्यासारखा चालतो, फक्त परक्या जहाजाला निरुपद्रवी मार्गक्रमणाचा हक्क असतो. २४ मैलांपर्यंत संलग्न क्षेत्र. तिथे सीमाशुल्क, कर, स्वच्छता आणि सुरक्षेसंबंधीच्या गुन्ह्यांवर कारवाई करता येते. २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. तिथली मासळी, तेल, खनिजं आपली, पण जहाजांची ये-जा सर्वांना खुली. त्यापलीकडे खुला समुद्र. तिथे परक्या ध्वजाच्या जहाजावर पाय ठेवायला चाचेगिरी किंवा जहाजाला ध्वजच नसणं यांसारखं ठरावीक कारण लागतं.

याचा प्रत्यक्ष परिणाम मासेमारीच्या कायद्यात दिसतो. १९८१ च्या कायद्यानुसार परकी बोट प्रादेशिक समुद्रात परवान्याविना मासे पकडताना सापडली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तीच बोट १३ व्या मैलावर सापडली तर फक्त दंड, दहा लाखांपर्यंत. आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्यासाठी परक्या खलाशाला कैद करू नये, हे आंतरराष्ट्रीय सागरी करारातही आहे. म्हणजे एका मैलाच्या फरकाने माणूस तुरुंगात जातो किंवा जात नाही. म्हणूनच तटरक्षक दलात जागेच्या नोंदीला इतकं महत्त्व आहे.

पाठलागालाही नियम आहेत. परकं जहाज आपल्या हद्दीत गुन्हा करून पळालं, तर हद्दीबाहेरही त्याचा पाठलाग करता येतो. पण तो हद्दीतच सुरू झालेला असला पाहिजे, थांबण्याचा इशारा त्या जहाजाला दिसेल किंवा ऐकू जाईल अशा अंतरावरून दिलेला असला पाहिजे, आणि पाठलाग मध्येच तुटता कामा नये. रडारवरून लक्ष्य हरवलं आणि तासाभराने पुन्हा सापडलं, तर बचाव पक्षाचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. ते जहाज स्वतःच्या किंवा तिसऱ्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात शिरलं की पाठलाग तिथेच संपतो.

बोटीवर चढून तपासणी कशी होते, तेही सांगतो. आधी रडारवरचा ठिपका आणि एआयएसवरचं नाव जुळतं का ते पाहतात. एआयएस म्हणजे जहाजाचं नाव आणि जागा आपोआप प्रसारित करणारं उपकरण. न जुळणं हीच पहिली शंका. मग व्हीएचएफ या जहाजांच्या रेडिओवर चॅनेल १६ वर हाक, प्रतिसाद नसेल तर ‘एल’ हा संकेतध्वज किंवा दिव्याने तीच खूण : ताबडतोब थांबा. त्यानंतरही न थांबल्यास नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, पुढे पाण्यात इशाऱ्याचा गोळीबार. बोट थांबली की रबरी बोटीतून तपासणी पथक शक्यतो वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने चढतं. खलाशांना एका जागी, नजरेसमोर बसवतात आणि मोजतात. मोजलेली डोकी आणि यादीतली नावं जुळली पाहिजेत. नंतर कागदपत्रं, ओळखपत्रं, मासळीचा कप्पा, बर्फाचा कप्पा, इंजिनाखालचं पाणी साचतं ती बिल्ज, पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या. टाकीची बाहेरून मोजलेली उंची आणि आत सोडलेल्या गजाने मिळालेली खोली यांचा मेळ बसत नसेल, तर आत खोटा तळ असू शकतो.

सर्वांत मोलाचा पुरावा बहुधा बोटीच्या स्वतःच्या जीपीएस प्लॉटरमध्ये असतो. त्यात मागच्या प्रवासाची रेघ साठलेली असते. नवख्या पथकाच्या हातून इथे चूक होते : प्लॉटर बंद केला जातो, वायर ओढली जाते, किंवा कोणी बटणं दाबत बसतं आणि रेघ पुसली जाते. पडदा चालू असतानाच त्याचा व्हिडिओ घ्यायचा, त्यात जागा आणि वेळ दिसली पाहिजे. आपल्या नौकेची जागा, रडारवरचं अंतर आणि दिशा त्याच मिनिटाला नोंदवायची. भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांत साडेपाच तासांचा फरक आहे. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी वेळ लिहिली की चांगला खटलाही ढिला पडतो. अमली पदार्थ असतील तर मोजदाद, छायाचित्रं आणि नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर प्रमाणित करून घ्यावे लागतात. समुद्रात पाकीट फोडून ‘बघून’ घेण्याचा मोह तिथे महागात पडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानच्या बॅरन बेटाजवळ म्यानमारच्या एका मासेमारी बोटीवर ५,००० किलोहून अधिक मेथॅम्फेटामिन सापडलं. मुळात ती बोट दिसली ती डॉर्नियर विमानाच्या नेहमीच्या गस्तीत. अशा यशामागे सहसा महिनोन्‌महिने केलेली रटाळ उड्डाणं असतात. ती कुठल्याच बातमीत येत नाहीत.

ताकद असली आणि कायदा तोकडा असला तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे ‘अलोंड्रा रेनबो’. ऑक्टोबर १९९९ मध्ये सुमारे ७,००० टन अ‍ॅल्युमिनियम घेऊन इंडोनेशियाहून निघालेलं हे जपानी मालकीचं जहाज चाच्यांनी पळवलं. खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं आणि जहाजाचं नाव बदलून ‘मेगा रामा’ केलं. क्वालालंपूरच्या चाचेगिरी नोंद केंद्राने सावध केल्यानंतर तटरक्षक दलाच्या विमानाने ते शोधलं, ‘ताराबाई’ या नौकेने पाठलाग केला आणि नौदलाच्या ‘प्रहार’च्या मदतीने नोव्हेंबरमध्ये ते पकडलं. समुद्रातली कारवाई उत्तम झाली. पण आपल्याकडे तेव्हा चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदाच नव्हता. भारतीय दंड संहितेची कलमं लावावी लागली. २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००५ मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले. चाचेगिरीविरोधी सागरी कायदा अखेर २०२२ मध्ये झाला. इतकी वर्षं लागायला नको होती.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याने दलाचं काम पुन्हा बदललं. दहशतवादी ‘कुबेर’ या भारतीय मासेमारी बोटीतूनच आले होते. म्हणजे प्रश्न परक्या जहाजाचा नव्हता, हजारो आपल्या बोटींत मिसळून गेलेल्या एका बोटीचा होता. २००९ मध्ये प्रादेशिक समुद्रातल्या किनारी सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आली. एकूण सागरी सुरक्षा नौदलाकडे आणि किनाऱ्यालगत सागरी पोलीस. पहिल्या टप्प्यात ४६ किनारी रडार केंद्रांची साखळी झाली : ३६ मुख्य भूमीवर, ६ लक्षद्वीपमध्ये, ४ अंदमानात. मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं मिळाली, बोटींना राज्यानुसार रंग ठरले, २० मीटरहून लांब मासेमारी बोटींना एआयएस सक्तीचं झालं.

रडारची मर्यादा इथे सांगायला हवी. लाकडी किंवा फायबरची लहान होडी रडारच्या लहरी फार कमी परत पाठवते आणि लाटा उंच असतील तर ती लाटांच्या गोंधळात बुडून जाते. म्हणून किनारी सुरक्षेचा खरा आधार नाखवा आणि तांडेल, म्हणजे बोटी चालवणारे मच्छीमारच आहेत. अनोळखी बोट, मासेमारीच्या पाण्यात जाळी न टाकता उभी असलेली बोट, रंग किंवा नंबर न जुळणारी बोट त्यांना कुठल्याही यंत्राआधी दिसते. उलट बाजूही आहे : काही तांडेल आपल्या मासळीची जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून एआयएस बंद ठेवतात. त्याने जागा लपते हे खरं, पण रात्री मागून येणाऱ्या मालवाहू जहाजापासूनही ती लपते.

पर्यावरणाचं काम लोकांना कमी माहीत असतं. ओडिशाच्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्या हंगामात ट्रॉलरना दूर ठेवण्यासाठी ‘ऑपरेशन ऑलिव्हिया’ दरवर्षी चालतं. पण सर्वांत अवघड काम तेलगळतीचं, आणि त्यात गैरसमजही सर्वांत जास्त.

१९९६ पासून राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजना आहे आणि तिचं समन्वयन तटरक्षक दल करतं. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, शेकडो कंटेनर समुद्रात गेले आणि बंदराची वाहतूक काही दिवस थांबली. ‘समुद्र प्रहरी’ ही खास प्रदूषण नियंत्रण नौका दलात आली ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये.

तेल पाण्यावर पडलं की ते प्रवाहाबरोबर पूर्ण वेगाने आणि वाऱ्याबरोबर वाऱ्याच्या सुमारे ३ टक्के वेगाने सरकतं. २० नॉटचा वारा असेल तर ०.६ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). या दोन बाणांची बेरीज केली की तेल किनाऱ्याला कधी आणि कुठे लागेल याचा पहिला अंदाज येतो. किती तेल आहे हे विमानातून रंगावरून ठरवतात. चंदेरी झाक म्हणजे एका चौरस किलोमीटरला साधारण ४० ते ३०० लिटर, इंद्रधनुषी म्हणजे ३०० ते ५,००० लिटर. म्हणजे दोन चौरस किलोमीटरचा भीतीदायक इंद्रधनुषी पट्टा कदाचित फक्त ६०० लिटरचा असतो, आणि शेजारचा लहानसा काळा डाग त्याच्या कित्येक पट. नौका पाठवायची ती काळ्या डागाकडे. छायाचित्रात मोठं दिसतं तिकडे नाही.

तेल अडवायला तरंगतं कुंपण म्हणजे बूम लावतात. प्रवाह बूमला काटकोनात ०.७ नॉटपेक्षा जास्त वेगाने भिडला की तेल खालून निसटतं. हा नियम कुठलाही महागडा बूम मोडू शकत नाही. म्हणून दोन नॉटच्या ओढीत बूम आडवा न लावता प्रवाहाशी २० अंशांच्या आसपास तिरका लावतात आणि तेल काठाकडच्या शांत पाण्यात वळवून तिथे स्किमर या तेल उचलणाऱ्या यंत्राने ओढून घेतात. दुसरा उपाय विखुरक रसायन. साधारण वीस भाग तेलाला एक भाग. ते तेल नाहीसं करत नाही, बारीक थेंबांत फोडून पाण्यात मिसळतं. म्हणून खोल, मोकळ्या पाण्यात ते उपयोगी. उथळ खाडीत, खारफुटीजवळ, मत्स्यशेतीजवळ ते घातक. शिवाय वेळ कमी असतो. तेलात पाणी मिसळून त्याचा घट्ट तपकिरी लगदा झाला की आकारमान तीन-चार पट वाढतं आणि रसायन वरून ओघळून जातं. जहाजाचं जाड फर्नेस ऑइल तर सुरुवातीपासूनच त्याला दाद देत नाही. मे २०२५ मध्ये कोचीजवळ बुडालेल्या ‘एमएससी एल्सा-३’ वर इंधनाबरोबर कॅल्शियम कार्बाइडचे कंटेनरही होते. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागलं की ज्वालाग्राही अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो. अशा वेळी तेलाच्या जवळ जाण्याआधी वायू मोजावा लागतो. वाहून आलेल्या कंटेनरला किनाऱ्यावर हात लावू नका असं सांगतात, त्याचं कारण हेच.

आता दुसरा प्रश्न : हाक दिल्यावर काय होतं.

भारताच्या वाट्याला आलेलं शोध आणि बचाव क्षेत्र ४६ लाख चौरस किलोमीटर आहे, आर्थिक क्षेत्राच्या दुपटीहून मोठं. त्यासाठी मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) इथे सागरी बचाव समन्वय केंद्रं चोवीस तास चालतात. किनाऱ्यावरून फोन करायचा असेल तर नि:शुल्क क्रमांक १५५४. समुद्रात मोबाइलची रेंज लवकर संपते, तिथे व्हीएचएफ. त्याचा पल्ला ताकदीपेक्षा अँटेनाच्या उंचीवर अवलंबून असतो. दोन्ही अँटेनांची उंची मीटरमध्ये घ्या, प्रत्येकीचं वर्गमूळ काढा, बेरीज करा, तिला सव्वादोनने गुणा, सागरी मैल येतात. चार मीटर उंच अँटेनाच्या दोन बोटी एकमेकींना ९ मैलांपर्यंतच ऐकतील, पण किनाऱ्यावर शंभर मीटर उंचीवरचा अँटेना त्याच बोटीला २७ मैलांवरून ऐकेल. अँटेना तुटला म्हणून केबिनच्या छतावर आडवा बांधून ठेवणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावं.

त्यापलीकडे उपग्रह. मोठ्या जहाजांवर ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीर्ब, म्हणजे उपग्रहाला संकटाचा संकेत पाठवणारं उपकरण असतं. मासेमारी बोटींसाठी इस्रोने तयार केलेला डॅट, म्हणजे संकट इशारा प्रेषक आहे. दोन्हींचे संकेत बेंगळुरूच्या मोहीम नियंत्रण केंद्रामार्फत समन्वय केंद्रात पोचतात. डॅटची दुसरी पिढी जानेवारी २०२४ मध्ये आली. तिचा मोठा फायदा म्हणजे संदेश पोचल्याची पावती बोटीवर परत येते. आपली हाक कोणीतरी ऐकली हे कळलं की माणसं बोट सोडून पोहत निघण्यासारखे जिवावरचे निर्णय घेत नाहीत.

संकेत आला की केंद्र सर्वांत आधी नोंदणीत दिलेल्या नंबरवर फोन करतं. इथेच पहिली गाठ पडते. बोट विकलेली असते, उपकरण नव्या मालकाकडे आणि फोन नंबर जुन्या मालकाचा. खरं संकट की चुकून दाबलेलं बटण, हे ठरवण्यात मोलाचा वेळ जातो. बोट घेतली की त्याच आठवड्यात नोंदणी बदला. आणि उपकरण चुकून चालू झालं तर घाबरून नुसतं बंद करू नका. बंद झालेला संकेत हा बुडालेल्या बोटीचाही असू शकतो, त्यामुळे शोध सुरूच राहतो. केंद्राला कळवा. त्यासाठी कोणी रागावत नाही.

दुसरी गाठ जागा सांगण्यातली. ही चूक इतकी सामान्य आणि इतकी महाग आहे की तिच्यावर जरा थांबतो. जीपीएसवर अक्षांश १८ अंश ३०.५ मिनिटं दिसत असतो. घाईत फोनवर ‘अठरा, तीस, पाच’ असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्याने ते १८.३०५ अंश असं लिहिलं तर ते होतात १८ अंश १८.३ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. चूक झाली १२.२ मैलांची, म्हणजे साडेबावीस किलोमीटरची. म्हणून ‘अंश’ आणि ‘मिनिटं’ हे शब्द उच्चारून सांगा, दशांश असेल तर ‘पूर्णांक’ म्हणा, आणि समोरच्याकडून परत वाचून घ्या. जोडीला ओळखीची खूण द्या : अमुक दीपगृहापासून अमुक दिशेला इतके मैल. दोन्ही जुळलं तर चूक राहत नाही.

केंद्र घटनेला तीन पायऱ्यांत ठेवतं : अनिश्चितता, सावधगिरी आणि संकट. बोट ठरल्या वेळी आली नाही, ही पहिली. संपर्काचे प्रयत्न फसले, ही दुसरी. जीव धोक्यात आहे हे स्पष्ट झालं, ही तिसरी. संकट ठरलं की जवळच्या व्यापारी जहाजाला वळवलं जातं. लोकांना वाटतं की मदत म्हणजे हेलिकॉप्टरच. प्रत्यक्षात अनेकदा पहिला हात पोचतो तो तासाभराच्या अंतरावरच्या एखाद्या टँकरचा किंवा शेजारच्या ट्रॉलरचा. दलाच्या स्थापनेपासून ११,००० हून अधिक जीव वाचले, त्यात या वळवलेल्या जहाजांचा वाटा मोठा आहे.

शोधाचं गणित निर्दय असतं. बोट किंवा माणूस जिथे शेवटचा होता तिथे तो आता नसतो. प्रवाह आणि वारा त्याला वाहून नेतात. पाण्यातला माणूस जवळजवळ प्रवाहाबरोबरच जातो, पण हवेत उंच उभा असलेला रिकामा तराफा वाऱ्याने कितीतरी वेगाने पळतो. एकाच अपघातातल्या दोघांना मग दोन वेगळ्या ठिकाणी शोधावं लागतं. तराफ्याला समुद्री नांगर, म्हणजे पाण्यात सोडलेली कापडी पिशवी, बांधली तर त्याचं वाहणं खूप कमी होतं. इंजिन बंद पडलेल्या बोटीनेही हेच करावं. नसेल तर दोरीला बांधलेली जड टोपली किंवा जाळ्याचा गठ्ठा पुढच्या बाजूने सोडावा. नाळ लाटांकडे राहते, बोट आडवी होऊन पाणी भरत नाही.

समजा जागेची अनिश्चितता ५ मैलांची आहे. वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस मैल. पाण्यातलं डोकं दिसायचं तर विमानाच्या दोन फेऱ्यांमध्ये अंतर ०.२ मैल ठेवावं लागतं. १५० नॉट वेगाने विमान तासाला ३० चौरस मैल पाहतं. अडीच-पावणेतीन तासांत क्षेत्र संपतं. अनिश्चितता १० मैलांची झाली की क्षेत्र ३१४ चौरस मैल आणि वेळ दहा तासांहून जास्त. दिवसाचा प्रकाश तेवढा उरलेला नसतो. उलट तराफा, नारिंगी ताडपत्री, आरसा किंवा धुराची नळकांडी असेल तर दोन फेऱ्यांतलं अंतर कित्येक पट वाढवता येतं. जागा पक्की असेल तर नौका त्या बिंदूभोवती त्रिकोणी पाकळ्यांचा शोध घेते, प्रत्येक वळण उजवीकडे १२० अंशांचं. जागा थोडी ढिली असेल तर वाढत जाणारा चौकोन, क्षेत्र मोठं असेल तर समांतर पट्टे. पण कुठलाही आकार चुकीच्या मध्यबिंदूला वाचवू शकत नाही.

हेलिकॉप्टर आलंच, तर बोटीवरच्यांनी काही गोष्टी पाळायच्या. डेकवरचं ताडपत्री, जाळी, रिकामे क्रेट असं उडू शकणारं सगळं आत टाका. अँटेना आणि काठ्या खाली घ्या. इंजिन चालत असेल तर वारा डाव्या नाळेवर सुमारे ३० अंशांवरून येईल असा मार्ग धरा, कारण हेलिकॉप्टरची विंच, म्हणजे माणसाला वर ओढणारं यंत्र, सहसा उजव्या बाजूला असते आणि वैमानिकाला बोट दिसत राहते. वरून दोराला लटकत येणाऱ्या आकड्यात (हुकमध्ये) स्थिर वीज असते. तो आधी पाण्याला किंवा डेकला लागू द्या, मगच हात लावा. आणि तो आकडा बोटीला कधीही बांधू नका, क्षणभरही नाही. बोट लाटेवर खाली गेली की हेलिकॉप्टर खेचलं जातं. ही उड्डाणं किती जोखमीची असतात ते सप्टेंबर २०२४ मध्ये दिसलं. पोरबंदरजवळ ‘हरी लीला’ या टँकरवरच्या जखमीला आणायला गेलेलं हेलिकॉप्टर रात्री समुद्रात कोसळलं आणि त्यातल्या तिघांचे प्राण गेले.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. बंदी संपताच ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत, समुद्र अजून खवळलेला असताना, दोन महिने उभ्या असलेल्या बोटी एकदम बाहेर पडतात. घोटाळे तेच ते असतात : पंख्याच्या दांड्याजवळची सुकलेली पॅकिंग गळते, बिल्ज पंपाच्या तोंडाशी चिंध्या आणि खवले अडकतात, बॅटरी पाण्याखाली जाते आणि तिच्याबरोबर वायरलेसही. व्हीएचएफसाठी वेगळी बॅटरी केबिनमध्ये उंचावर बसवली तर यातला शेवटचा घोटाळा टळतो. निघण्याआधी धक्क्यावरच बिल्जमध्ये दोन बादल्या पाणी ओतून पंप चालवून पाहा.

आणि बोटीवर किती माणसं आहेत, त्याची नावनिशीवार यादी किनाऱ्यावर कोणाकडे तरी ठेवा. बंदरावरच्या नोंदीत सात नावं असतात, आयत्या वेळी आठवा चढतो किंवा सातवा उतरतो, आणि ते कुणी लिहीत नाही. बोट उलटते, सहा जण सापडतात. वाचलेले थकव्याने भ्रमात असतात, एक म्हणतो सात होतो, दुसरा म्हणतो आठ. पाण्याचं तापमान, लाइफ जॅकेट होतं का, किती तास झाले, यावरून माणूस किती काळ तग धरेल याचा अंदाज काढता येतो आणि शोध तोवर चालू ठेवता येतो. पण किती जणांना शोधायचं आहे हेच माहीत नसेल, तर सातवा सापडल्यावर थांबायचं की आणखी एक रात्र नौका त्या पाण्यात फिरवायची, हे समन्वय केंद्रात बसलेल्या माणसाला कुठल्याच गणिताने ठरवता येत नाही.